वाळूत पाणी साठवायचं कसं : केनियातल्या उकाम्बानीचा वाळू-बंधारा, पहिल्या बैठकीपासून दुसऱ्या पावसापर्यंत

आपल्याकडे बंधाऱ्यात गाळ भरला की बंधारा मेला, असं आपण म्हणतो. केनियाच्या उकाम्बानी भागात मात्र बंधारा वाळूनं काठोकाठ भरावा म्हणूनच बांधतात. नैरोबीच्या आग्नेयेला माचाकोस, माकुएनी आणि किटुई हे तीन परगणे आहेत, वस्ती मुख्यतः अकाम्बा लोकांची. पाऊस वर्षाला ढोबळमानानं 500 ते 800 मिलिमीटर, तोही दोन तुकड्यांत: मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. पडतो तेव्हा काही दिवसांत धो धो पडतो, नदी दोन-चार तास खळाळते आणि मागे उरतं कोरडं वाळूचं पात्र.

त्या पात्रात कातळावर एक आडवी भिंत घातली की पुराबरोबर आलेली जाड वाळू भिंतीमागे अडकते आणि तिच्या कणांमधल्या पोकळीत पाणी साठतं. वर ऊन कितीही तापो, पृष्ठभागापासून साधारण 60 सेंटिमीटरच्या खाली बाष्पीभवन जवळजवळ थांबतं. डासांना अंडी घालायला उघडं पाणी मिळत नाही आणि पाणी वाळूतून गाळून येतं.

वसाहतकाळापासून असे बंधारे तिथे तुरळक होते. 1978 मध्ये माचाकोसच्या उटूनी गावात जोशुआ मुकुस्या यांनी शेजाऱ्यांचा गट जमवून काम सुरू केलं, किटुईत सासोल या संस्थेनं 1990च्या दशकापासून गावगटांबरोबर एकाच नदीवर ओळीनं बंधारे बांधत शेकडोंचा आकडा गाठला. भिंतीचं तंत्र अवघड नाही. कामांचा क्रम चुकतो, आणि बहुतेक फसलेले बंधारे त्यामुळेच फसतात. आधी गट, मग उतारावरची शेतं, मग नदीची परीक्षा, शेवटी भिंत, आणि भिंतीची उंची नदीच्या चालीनं.

गट: सिमेंटच्या आधीची पायाभरणी

अकाम्बा समाजात ‘म्वेथ्या’ ही जुनी पद्धत आहे. एकाच्या शेताला सगळ्यांनी हात लावायचा, उद्या दुसऱ्याच्या. आपल्याकडच्या सावडीची सख्खी बहीणच. आजचे बंधारा-गट याच पद्धतीवर उभे आहेत आणि त्यांत बायकांची संख्या जवळजवळ सगळीकडे जास्त असते.

कामाला 25 ते 40 घरांचा गट पुरतो. दहाच्या खाली सभासद असतील तर सरकारदरबारी नोंदणीच होत नाही. शंभरावर गेले तर हजेरी कोण घेणार हाच वाद होतो. नोंदणी समाजविकास खात्याकडे करायची: घटना, सभासदांची यादी, पहिल्या बैठकीचा वृत्तांत, अध्यक्ष-सचिव-खजिनदार. बँक खातं दोन किंवा तीन सह्यांचं असावं. वर्गणी हल्ली फोनवरून एम-पेसानं येते. त्यामुळे खजिनदाराच्या खासगी नंबरावर पैसे घेण्याचा मोह होतो. तो टाळावा, गटाच्या नावानं वेगळी सोय करावी.

हजेरीवही ही या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. तिच्यात चार रकाने पुरतात: नाव, तारीख, काम, आणलेल्या सामानाचं माप (दगडाच्या गाड्या, पाण्याचे डबे). गैरहजेरीचा दंड पहिल्याच बैठकीत ठरवायचा, आणि म्हाताऱ्या, आजारी, बाळंतीण यांच्यासाठी हलकं काम कोणतं तेही तेव्हाच. हे नंतर ठरवू म्हटलं की तिसऱ्या आठवड्यात निम्मा गट घरी बसतो.

मग जागेचे कागद. दोन्ही काठांचे मालक आणि पाण्यापर्यंतच्या पायवाटेचा मालक यांची लेखी संमती हवी, ती चीफच्या (सरकारनं नेमलेल्या स्थानिक अधिकाऱ्याच्या) ‘बराझा’त म्हणजे गावसभेत सगळ्यांसमोर वाचून सह्या घ्याव्यात. तोंडी ‘हो’वर बांधलेल्या बंधाऱ्याला पहिल्या दुष्काळात कुंपण पडतं. नदीत बांधकाम म्हणजे जलसंपदा प्राधिकरणाची परवानगीही लागते. तो अर्ज कोरड्या हंगामाच्या पुष्कळ आधी द्यायचा.

बाहेरची संस्था मदत करणार असेल तर वाटणी सरळ असावी: सिमेंट, लोखंड, काटेरी तार आणि गवंड्याची मजुरी त्यांची, दगड, वाळू, पाणी आणि हात गावाचे. पक्का नियम एकच: दगडाचा पूर्ण ढीग जागेवर पडून मोजून झाल्याशिवाय सिमेंटची एकही गोणी उतरवायची नाही. याचं कारण निव्वळ शिस्त नाही. आलेलं सिमेंट दगडाची वाट बघत तीन महिने पडलं तर त्याचे गठ्ठे होतात.

उतारावरची शेतं आधी

बंधाऱ्यात काय येणार हे वरचा उतार ठरवतो. उघड्या शेतांतून माती वाहत असेल तर भिंतीमागे वाळूऐवजी चिखल साचेल. म्हणून बांधकामाच्या निदान एक हंगाम आधी पाणलोटात ‘फान्या जू’ घालतात. स्वाहिलीत याचा अर्थ ‘वर कर’. समपातळीवर 60 सेंटिमीटर रुंद आणि तितकाच खोल चर, आणि माती वरच्या अंगाला टाकायची. आपल्या समतल चरात माती खालच्या अंगाला जाते, इथे उलट. वर फेकणं दमवणारं असतं, पण त्या वरच्या बांधाला अडून माती साचत जाते आणि काही वर्षांत दोन बांधांमधलं शेत आपोआप सपाट होतं. बांधावर नेपियर गवत लावतात, ते बांध धरतं आणि जनावरांना चाराही होतो.

समपातळी धरायला महागडं यंत्र नको. दहा-बारा मीटरची पारदर्शक नळी, दोन सारख्या काठ्या, नळीत पाणी. आपल्याकडे गवंडी वापरतात तीच युक्ती. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पातळी चुकते, एवढंच बघायचं.

जागा निवडणं

सुरुवात म्हाताऱ्या बायकांना विचारून करावी. कोरड्या महिन्यांत शेवटपर्यंत पाणी देणारा झिरा पात्रात कुठे असतो, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. जिथे झिरा टिकतो तिथे खालून गळती नाही आणि थोड्या खालच्या अंगाला वाळूखाली कातळाचा नैसर्गिक उंबरा असण्याची शक्यता मोठी. भिंत त्या उंबऱ्यावर बसवायची.

खात्रीसाठी 16 मिलिमीटरची, दोन-तीन मीटर लांब लोखंडी सळई घ्यायची, तिच्यावर दर 25 सेंटिमीटरला कानसीनं खाच पाडायची. घण घालून ती वाळूत उतरवायची आणि न फिरवता सरळ वर ओढायची. खाचांत अडकलेलं दाखवतं की कुठल्या खोलीवर वाळू आहे आणि कुठे चिकण. टोकाला खणखणीत आवाज येऊन सळई उसळली तर कातळ, बद्द आवाज येऊन रुतत गेली तर चिकणमाती. पात्राच्या रुंदीत तीन ठिकाणी आणि वरच्या बाजूला दर 20 मीटरला हे करून कागदावर आडवे छेद काढले की वाळूखालचं पात्र डोळ्यांसमोर उभं राहतं. सगळ्यात उथळ जागा भिंतीची, सगळ्यात खोल जागा विहिरीची.

टाळायच्या जागा: भेगाळलेला कातळ, नदीचं वळण, ठिसूळ किंवा बुटके काठ, पांढरट खारट थर दिसणारे खडक, आणि वरच्या अंगाला शंभरेक मीटरमध्ये संडास किंवा गोठे.

वाळूची परीक्षा 20 लिटरच्या डब्यानं होते. (त्याला तिथे ‘डेबे’ म्हणतात, गोणीला ‘गुनिया’, मसाल्याच्या घमेल्याला ‘कराई’. हिंदी महासागर ओलांडून गेलेले शब्द अजून रोज कामावर आहेत.) डबा कोरड्या वाळूनं काठोकाठ भरा, मग लिटरच्या मापानं पाणी ओता, पृष्ठभागावर चकाकेपर्यंत. समजा आठ लिटर मावलं, म्हणजे पोकळी 40 टक्के. आता डब्याच्या तळाला भोक पाडून तासभर निथळू द्या. सहा लिटर बाहेर आलं तर 30 टक्के पाणी तुम्हाला खरोखर मिळणार. पाणी किती मावतं यापेक्षा किती सुटतं हा आकडा निर्णायक. पोयट्यातही 38 टक्के पाणी मावतं, पण हाताला लागतं जेमतेम 5 टक्के. बारीक वाळू 19, मध्यम 25, जाड वाळू 35 टक्क्यांपर्यंत सोडते. डब्यातून तीन लिटरच्या आत आलं तर ती नदी सोडून द्यावी.

इथेच महाराष्ट्राचा एक खुलासा. उकाम्बानीतले डोंगर ग्रॅनाइट आणि नाइस जातीच्या खडकांचे, ते झिजले की जाड गारगोटीची वाळू देतात. आपल्या दख्खनी बेसॉल्टची झीज मुख्यतः काळी चिकण देते. त्यामुळे मराठवाड्यातल्या ओढ्यावर याची हुबेहूब नक्कल चालणार नाही. पूर्व विदर्भातल्या जुन्या खडकांच्या पट्ट्यात तपासून बघायला हरकत नाही, पण डबा आधी, उत्साह नंतर.

पाणी किती मिळेल, आणि सामान किती लागेल

उदाहरण घेऊ. पात्र 12 मीटर रुंद, भिंत 2.5 मीटर उंच, पात्राचा उतार 1 टक्का. वाळू मागे 250 मीटरपर्यंत पसरेल. अंदाजाचं सूत्र: लांबी × रुंदी × खोली, भागिले 6. म्हणजे 1,250 घनमीटर वाळू. तीस टक्क्यांनी 375 घनमीटर, म्हणजे पावणेचार लाख लिटर. साठ घरांना रोज 60 लिटर प्रत्येकी दिलं तर 3,600 लिटर, साधारण 104 दिवस. याशिवाय पुरात काठांच्या मातीत शिरलेलं पाणी हळूहळू परत पात्राकडे झिरपतं, ते वेगळं. अहवालांत कोटी-कोटी लिटरचे आकडे दिसतात, त्यांत हे काठांतलं पाणी आणि वर्षातून अनेकदा होणारं भरणं धरलेलं असतं. गावाला शब्द देताना पावणेचार लाखच सांगावेत.

भिंतीचा छेद: तळाची जाडी उंचीच्या पाऊणपट (1.9 मीटर), माथा उंचीच्या पाचव्या हिश्शाइतका (अर्धा मीटर). मागची बाजू उभी, पुढची उताराची. पाया, पंखभिंती (दोन्ही काठांत शिरणारी भिंतीची टोकं) आणि पुढची फरसबंदी धरून सुमारे 65 घनमीटर डबर बांधकाम होतं. त्याला 1:4 मसाला (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) धरून 50 किलोच्या साधारण 200 गोण्या सिमेंट, 30 घनमीटर धुतलेली वाळू, 80 घनमीटर डबर. बैलगाडीत अर्धा घनमीटर मावतो, म्हणजे 160 गाड्या. आणि पाणी! मसाल्याला 6,000 लिटर, भिंतीवर तीन आठवडे मारायला 10 ते 12 हजार. एकूण 20 लिटरचे नऊशे डबे, गाढवांवरून आणि डोक्यावरून. अंदाजपत्रकात हा आकडा बहुधा नसतो आणि मग पाणी मारण्यातच कसूर होते. भिंत पुढे झिरपते त्यामागे अनेकदा हेच असतं.

भिंत

जूनमध्ये पाऊस ओसरला की खणायला घ्यावं आणि सप्टेंबरअखेर शेवटचा थर संपावा. ऑक्टोबरच्या शेवटी आलेला पूर अर्ध्या भिंतीला विचारत नाही.

सहा ते आठ आठवड्यांचं काम धरा, आठवड्यातून तीन दिवस. चर कातळापर्यंत खणायचा. कातळ फार खोल असेल आणि घट्ट, पाणी न सोडणारी चिकण लागली, तर तिच्यात निदान 60 सेंटिमीटर पाय रोवायचा. काठांमध्ये पंखभिंती घट्ट मातीत दोन मीटर आणि भुसभुशीत मातीत पाच मीटर आत न्यायच्या. इथे हात आखडला की पूर भिंतीला वळसा घालतो, काठ खाऊन नवी वाट काढतो आणि भिंत कोरड्या पात्रात स्मारकासारखी उभी राहते.

कातळ तारेच्या ब्रशनं घासून, धुऊन, सैल कपचे काढून टाकायचे. भेगा पहारीनं मोकळ्या करून 1:3 मसाल्यानं भरायच्या. कातळ गुळगुळीत असेल तर दर मीटर-दीड मीटरला भोक पाडून 12 मिलिमीटरची सळई उभी रोवायची. मग सिमेंटचं पातळ पाणी, त्यावर पाच सेंटिमीटर मसाला, त्यावर पहिला दगडांचा थर.

पुढचा भाग गवंड्याचा, तिथल्या भाषेत ‘फुंडी’चा. पण गटातल्या निदान चौघांनी तो नीट बघावा, कारण पुढच्या वर्षी भिंत त्यांनाच वाढवायची आहे. दगड आदल्या रात्री भिजवलेले असावेत, कोरडा दगड मसाल्यातलं पाणी पिऊन घेतो. दोन दगड एकमेकांना टेकता कामा नयेत, मध्ये तीन सेंटिमीटर मसाला हवा. बाहेरच्या दोन बाजू आधी, मग पोटात मसाला आणि दगड. आधी दगड रचून वरून पातळ मसाला ओतला की आत पोकळ्या राहतात आणि पाणी त्या बरोबर शोधतं. दर 30 सेंटिमीटर उंचीला काटेरी तारेच्या दोन-तीन ओळी संपूर्ण लांबीत, पंखभिंतींच्या टोकापर्यंत. कालवलेला मसाला तासाभरात संपवायचा. जेवणाच्या सुट्टीनंतर पाणी घालून तो पुन्हा जिवंत करण्याची सवय सगळीकडे आहे, तिला दंड ठेवावा.

सांडवा म्हणजे भिंतीचा मधला सखल भाग. तो मूळ पात्राइतकाच रुंद हवा, अरुंद केला की पाण्याचा मारा वाढतो. पुराची जुनी खूण झाडांच्या फांद्यांत अडकलेल्या काडीकचऱ्यावरून मिळते. पंखभिंती त्या खुणेच्या अर्धा मीटर वर न्याव्यात. सांडव्याच्या पायथ्याशी, भिंतीच्या तळाइतकीच रुंद आणि 30 सेंटिमीटर जाड दगडी फरसबंदी करायची, तिच्यात मोठे दगड उभे रोवून ठेवायचे म्हणजे पडणारं पाणी त्यांच्यावर फुटेल. काटकसर इथेच केली जाते, आणि मग पडणारं पाणी पायाखालची माती उकरतं.

पाणी काढायची सोय बांधतानाच ठरवावी. भिंतीतून नळ काढून खाली तोटी बसवली तर पंप लागत नाही. पण नळाभोवतीची जागा हमखास झिरपते, म्हणून नळाला मधोमध दोन ठिकाणी सिमेंटची गळपट्टी घालावी आणि आतल्या टोकाला बारीक फटींचा, खडीनं वेढलेला पाइप ठेवावा. दुसरा मार्ग काठावर विहीर आणि हातपंप. उघडे झिरे ठेवलेच तर काटेरी कुंपण हवं. जनावरांचा हौद भिंतीच्या खालच्या अंगाला. वाळूतून आलं तरी पिण्याचं पाणी उकळावं किंवा क्लोरिन टाकावं, नितळ दिसणं म्हणजे निर्जंतुक नव्हे.

भिंत झाली की ओली पोती पांघरून 21 दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी. यासाठी हजेरीवहीत वेगळी पाळी लावा.

सांडवा एकदम का वाढवायचा नाही

पहिल्या वर्षी पंखभिंती पूर्ण उंचीच्या, पण सांडवा मूळ वाळूच्या फक्त 30 सेंटिमीटर वर. देणगीदाराला फोटोत पूर्ण भिंत हवी असते, गावालाही वाटतं एकदाच उरकावं. पण उंच भिंतीमागे पाणी निवांत तुंबतं, आणि तुंबलेल्या पाण्यात पोयटा खाली बसतो. भिंत बुटकी असली की पुराचा जोर टिकतो: जड वाळू मागे अडकते, हलका पोयटा सांडव्यावरून निघून जातो. जिथे पूर जवळजवळ निव्वळ जाड वाळूच आणतो अशा नद्यांवर पूर्ण उंची एकदम घेतात आणि ती एक-दोन पुरांत भरतेही. शंका असेल तिथे टप्प्यानंच जावं. सिमेंटही त्यामुळे हप्त्यानं घेता येतं.

वाळूचोर आणि इतर दुखणी

नैरोबीच्या इमारतींना वाळू हवी असते आणि भरलेला बंधारा म्हणजे ट्रकवाल्याला आयती खाण. हा त्रास इतका वाढला की माकुएनी परगण्यानं 2015 मध्ये वाळू संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. गटानं स्वतःचा नियम त्याच्या जोडीला लिहावा: ट्रक बंद, घरापुरती वाळू बैलगाडीनं, तीही भिंतीच्या खालून. आपल्या नदीकाठच्या गावांना यातलं काही समजावून सांगायची गरज नाही.

पाण्याचा दर डब्यामागे ठरवून तो पैसा वेगळा ठेवावा. दुरुस्तीची खरी वेळ पुरानंतरच्या आठवड्यात असते, तेव्हा कुणाकडे देणगी मागायला जायला सवड नसते. पहिली तीन वर्षं प्रत्येक मोठ्या पुरानंतर तीन ठिकाणं बघायची: फरसबंदीच्या पुढचा खड्डा, पंखभिंतींची टोकं, आणि भिंतीच्या खालच्या अंगावर ओलीचा डाग. खड्ड्यात दोघांना उचलावे लागतील एवढे दगड टाका. टोकांशी दगड रचून मध्ये गवत लावा. ओलीचा डाग असेल तर मागच्या बाजूनं वाळू उकरून भेग भरावी लागते, पुढून सिमेंट फासून काही होत नाही.

डिसेंबरअखेर पाऊस थांबला की पुन्हा तीच खाचांची सळई काढा. सांडव्यापर्यंत वाळू आली असेल आणि खाचांत जाड कण दिसत असतील तर मार्चच्या आधी 30 सेंटिमीटर वाढवायला घ्या. जुना माथा टाचून, घासून, ओला करून. वर चिकणीचा पापुद्रा साचला असेल तर तो आधी फावड्यानं खरवडून शेतात न्या, नाहीतर पुढच्या पुराचं पाणी खाली मुरणार नाही. आणि वाळू अजून सांडव्याला लागलेली नसेल तर या वर्षी भिंतीला हात लावू नका. गटाला त्या हंगामात वरच्या उतारावर फान्या जू घालायला पाठवा.